बंदीने बाई थांबत नाही, तिची नोंद थांबते

कुवेतमधल्या फरवानिया भागात एका मनी एक्स्चेंजच्या लेडीज काउंटरवर मी बरीच वर्षं नोकरी केली. काचेपलीकडून आलेले दिनार मोजायचे, बताक्यावरचा नंबर संगणकात घालायचा, आंध्रातल्या, केरळातल्या, गोव्यातल्या खात्यांवर रक्कम पाठवायची आणि पावती हातात द्यायची. बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र. तो नसेल तर एक फिल्सही पाठवता येत नाही. या कामात समोरच्या माणसाचा पगार, त्याची सुट्टी, त्याच्या घरची अडचण न विचारता कळते. घरकामाला आलेल्या बायकांचं तर फारच लवकर कळतं. जी शुक्रवारी एकटी येते, स्वतःच्या पर्समधून बताका काढते आणि निवांत भाव विचारते, तिचं बरं चाललंय. जी मालकाच्या ड्रायव्हरबरोबर येते, जिचा बताका त्याच्या खिशात असतो आणि गाडी बाहेर चालूच असते, तिचं तितकंसं बरं नाही. आणि जी महिनोन्‌महिने येतच नाही, तिचं काहीच कळत नाही.

मला बोलायचं आहे ते या तिसऱ्या बाईबद्दल. तिला वाचवायचं म्हणून आपण जे नियम केले, त्याच नियमांनी ती आपल्या नजरेआड गेली आहे.

नियम असे आहेत. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाला ईसीआर शिक्क्याचा पासपोर्ट मिळतो. आखाती देशांसह एकूण १८ देशांत कामाला जायचं तर त्याला सरकारची आगाऊ परवानगी काढावी लागते. बाई असेल तर आणखी एक अट: वय किमान ३० हवं. त्यातून परिचारिकांना तेवढी सूट आहे. २०१६ पासून अशा बायकांची भरती खासगी एजंटांकडून काढून घेऊन केरळ, तमिळनाडू, आंध्र, तेलंगण, उत्तर प्रदेश अशा राज्यांच्या मोजक्या सरकारी संस्थांकडे दिली गेली. हेतू चांगला होता. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार यांच्या तक्रारींचा पाऊस पडत होता आणि एजंट हात वर करून मोकळे होत होते. सरकारने दार लावून घेतलं.

पण कर्ज दाराशी येऊन बसलेलं असतं, तेव्हा बाई तिशी पूर्ण व्हायची वाट बघत बसत नाही. ती मागच्या दाराने जाते.

एकदा रांगेतली एक पोरगी माझं मंगळसूत्र बघून एकदम मराठीत म्हणाली, “ताई, तुम्ही आपल्याकडच्या का?” ठाणे जिल्ह्यातली होती. वय सव्वीस. नवरा अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला, दवाखान्याचं कर्ज डोक्यावर. शाळा आठवीत सुटलेली. म्हणजे पासपोर्ट ईसीआर आणि वय तिशीच्या आत, सरळ मार्गाने जाणं बंद. मुंबईतल्या एजंटने तिला सांगितलं, काळजी करू नको, सेटिंग आहे. शारजाचा व्हिजिट व्हिसा काढून दिला. विमानतळावर कुणी विचारलं तर ‘बहिणीकडे चाललेय’ असं सांगायचं, हे पढवलं. शारजाला एका खोलीत आठ-दहा बायकांबरोबर दिवस काढले आणि मग कुवेत. ‘लहान बाळ आहे, तेवढं सांभाळायचं,’ असं ठरलं होतं. प्रत्यक्षात तीन मजली घर, अकरा माणसं आणि कामाला ही एकटी.

तिने नोटा काचेखालून सरकवल्या तेव्हा बोटांची सालं निघालेली दिसली. “क्लोरोक्सने होतं,” ती म्हणाली, “मामाला रोज सगळी बाथरूमं क्लोरोक्सने धुतलेली लागतात.” तिकडे मालकिणीला मामा आणि मालकाला बाबा म्हणतात. पगार ६० दिनार ठरलेला, हातात ५० आलेले. १० तिकिटाचे म्हणून कापले होते. पैसे गेल्यावर तिने पावती दोनदा निरखून पाहिली. “ताई, ह्याच्यावर तारीख आहे ना?” तारीख होती. तिने पावतीची चौघडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली. आत आधीच्याही होत्या.

पुढे ती यायची बंद झाली. बऱ्याच महिन्यांनी तिचा फोन आला तो आपल्या दूतावासाच्या निवाऱ्यातून. पगार थांबला होता, खायला उरलंसुरलं मिळत होतं. एका पहाटे कचरा टाकायला म्हणून बाहेर पडली आणि टॅक्सीला हात केला. मालकाने त्याच दिवशी ‘फरार’ म्हणून तक्रार नोंदवली आणि पगार दरमहा दिला असंही सांगितलं. तिच्याजवळ करारनामा नव्हता, पासपोर्ट नव्हता. होत्या त्या पावत्या. अमुक महिन्यापर्यंत घरी पैसे गेले, त्यानंतर एकदाही नाही, एवढं त्या तुकड्यांवरून दाखवता आलं. पूर्ण पगार तरीही मिळाला नाही. थोडी रक्कम, परतीचं तिकीट आणि फरारीची तक्रार मागे, एवढ्यावर तिने सही केली. बाकीच्या पैशांसाठी भांडायचं तर आणखी कित्येक महिने निवाऱ्यातच काढावे लागले असते.

या प्रकरणातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कुवेत सरकारच्या दप्तरी ही मुलगी होती. तिचा व्हिसा होता, बताका होता, कफीलचं म्हणजे तिला बोलावणाऱ्या मालकाचं नाव नोंदलेलं होतं. ती नव्हती ती आपल्या दप्तरी. आपल्या हिशेबी ती शारजाला बहिणीला भेटायला गेलेली पाहुणी होती. त्यामुळे तिचा करार आपल्या कुणी तपासला नव्हता. परवानगी घेऊन जाणाऱ्याला सक्तीची असलेली प्रवासी भारतीय विमा योजना, दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता आणि १० लाखांचं संरक्षण, तीही तिला नव्हती. ज्या नियमाने तिचं रक्षण करायचं, त्या नियमाने तिची नोंद तेवढी पुसली.

हे एकट्या भारताचं नाही. नेपाळने २०१७ मध्ये आपल्या बायकांना आखातात घरकामाला जायला मनाई केली. बायका जायच्या थांबल्या नाहीत. सीमा ओलांडून भारतात यायच्या आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून पुढे जायच्या. आपणही एकदा वेगळा मार्ग धरून पाहिला होता. भारतीय बाई कामाला ठेवणाऱ्या मालकाने अडीच हजार डॉलरची बँक हमी द्यावी, अशी अट घातली. २०१४ मध्ये कुवेतने तिला कडाडून विरोध केला, भरती थांबली, मालक दुसऱ्या देशांकडे वळले आणि २०१७ मध्ये आपणच कुवेतपुरती ती हमी मागे घेतली. मधल्या काळात भारतीय बायका कुवेतला येत नव्हत्या असं कुणी म्हणत असेल तर त्याने आमच्या काउंटरसमोर एक शुक्रवार उभं राहायला हवं होतं.

फिलिपिन्सनेही बंदी घातली, पण वेगळ्या रीतीने. २०१८ मध्ये त्यांच्या एका घरकामगार स्त्रीचा मृतदेह कुवेतमधल्या रिकाम्या फ्लॅटच्या फ्रीझरमध्ये सापडला. मनिलाने बायका पाठवणं तिथल्या तिथे थांबवलं आणि मे महिन्यात कुवेतला कराराच्या टेबलावर बसवलं. त्या करारात आलं की पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही आणि फोन बाईच्या हातातून काढून घ्यायचा नाही. पुढे २०२३ मध्ये तिथे आणखी एका फिलिपिनो बाईचा खून झाला, पुन्हा भरती थांबली आणि २०२४ मध्ये बोलणी होऊन सुरू झाली. कराराने सगळे अत्याचार थांबले नाहीत, हे यावरूनच दिसतं. पण त्यांची बंदी काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी होती. आपली वयाची अट वर्षानुवर्षं तशीच उभी आहे आणि तिच्या बदल्यात आपण समोरच्याकडे काहीही मागत नाही.

घरकामाचा प्रश्न बांधकाम मजुरांपेक्षा अवघड आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०२४ च्या जूनमध्ये कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, चाळीसहून अधिक भारतीय गेले आणि देश हादरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पंतप्रधान कुवेतला आले तेव्हा मीना अब्दुल्लाच्या कामगार छावणीत जाऊन मजुरांना भेटले. ते योग्यच झालं. पण घरकाम करणाऱ्या बाईची छावणी नसते. तिची छावणी म्हणजे परक्याच्या घरातली माळ्याखालची खोली, कधी तर स्वयंपाकघरातली गादी. तिथे मंत्री जाऊ शकत नाही, कामगार निरीक्षकही मालकाच्या मर्जीशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. ती आजारी पडते ती एकटी आणि मरते तीही एकटी. तिच्या मरणाची बातमी होतच नाही.

वर पैशांचं गणित. मालक कुवेतमधल्या भरती कचेरीला, म्हणजे मक्तबला, एका बाईसाठी शेकड्यांनी दिनार मोजतो. सुरुवातीचे काही महिने ‘गॅरंटी’चे असतात, पसंत पडली नाही तर परत करता येते. एवढे पैसे मोजले की अनेकांना वाटायला लागतं की बाई विकत घेतली. २०१९ मध्ये बीबीसी अरबीच्या पत्रकारांनी उघड केलं की कुवेतमध्ये मोबाइलच्या ॲपवर, जुन्या गाड्या आणि फर्निचर विकतात तशा, घरकामगार बायका एका मालकाकडून दुसऱ्या मालकाला विकल्या जात होत्या. कफीलच्या संमतीशिवाय तिला काम सोडता येत नाही, या एका अटीवर तो बाजार उभा होता.

कायदे नाहीत असं मात्र नाही. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा, नोकरी संपताना ग्रॅच्युइटी, पासपोर्ट काढून घ्यायला मनाई. २०१६ मध्ये किमान वेतन ६० दिनार ठरलं. कागदावर हे चांगलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या गोव्याच्या एक मावशी होत्या. एकाच कुवेती घराण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तिथली मुलं त्यांच्या हाताखाली वाढून लग्नाला आली. दर शुक्रवारी त्या शहरातल्या होली फॅमिली कॅथेड्रलला मिस्साला जायच्या, येताना आमच्याकडे थांबायच्या, बताका त्यांच्याच पर्समध्ये. त्या म्हणायच्या, “आमचो कफील बरो, देवाची कृपा.” तिकडे सगळेच असं बोलतात: कफील चांगला भेटला तर सगळं चांगलं. मावशींना जे मिळालं ते सगळं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. तरीही त्या श्रेय देवाला देत होत्या, कारण कायद्यामुळे ते मिळालेलं शेजारच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. हक्काच्या गोष्टीसाठी बाईला नशिबावर अवलंबून राहावं लागू नये, एवढंच तर कायद्याकडून हवं असतं.

म्हणून मागण्या नेमक्या करायला हव्यात.

पहिली, वयाची अट काढा आणि तिच्या जागी नोंदणी आणा. घरकामाला जाणारी प्रत्येक बाई, मग ती दहावी झालेली असो वा नसो, तिचा मालक, पत्ता आणि करार आपल्या सरकारकडे नोंदलेला असला पाहिजे. आज दहावी झालेल्या बाईला कुणी विचारतच नाही आणि न झालेलीला तिशीच्या आत जाऊच देत नाही, दोघीही दप्तराबाहेर. अट काढली तर जास्त बायका फसतील, असं कुणी म्हणेल. पण फसवणारा एजंट आज जगतो तोच या अटीवर. सरळ वाट असेल तर ‘सेटिंग’चे पैसे त्याला कोण देईल? नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा नियमही सरळ वाटेने जाणारीलाच सांगून उपयोग आहे.

दुसरी, पगार तिच्या नावच्या खात्यात. हे अशक्य आहे असं समजू नका. सौदी अरेबियाने २०२४ च्या जुलैपासून घरकामगारांचा पगार ऑनलाइन देण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू केली. पगार बँकेतून गेला की तो कधी थांबला हे त्याच महिन्यात दिसतं, बाई पळून जाईपर्यंत थांबावं लागत नाही. ठाण्याच्या त्या मुलीला मोबाइलच्या कव्हरमध्ये पुरावा जपावा लागला. तो पुरावा व्यवस्थेने जपायला हवा होता. जिच्या खात्यावर सलग दोन महिने पगार नाही, तिला दूतावासाने स्वतःहून फोन करावा.

तिसरी, फोन आणि पासपोर्ट बाईजवळ, हे प्रत्येक करारात स्पष्ट असावं. भारत आणि कुवेत यांच्यात २०२१ च्या जूनमध्ये घरकामगारांविषयी सामंजस्य करार झाला आहे, त्यात संयुक्त समितीचीही तरतूद आहे. त्या समितीच्या बैठकीत किती तक्रारी आल्या आणि किती बायकांना पूर्ण पगार मिळाला, हे दरवर्षी संसदेपुढे ठेवावं.

चौथी मागणी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची आहे. पगार थांबला, मारहाण झाली, तर कफीलच्या परवानगीशिवाय मालक बदलता आला पाहिजे. दूतावासाच्या निवाऱ्यात आलेली बाई ‘फरार’ ठरता कामा नये. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि पुढच्या वर्षी लागू झालेल्या किमान वेतनात घरकामगारही घेतले. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, पण शेजारच्या देशाला दाखवायला उदाहरण आहे.

हे सगळं दुसऱ्याकडे मागताना एक प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल आणि तो वाजवी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करार केला. आखातातल्या एकाही देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. भारतानेही दिलेली नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यात साप्ताहिक सुट्टीचा हक्क नाही. कुवेतच्या कायद्यात तो आहे. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं की घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करा. आणि मालक नेहमी परकाच असतो असंही नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या एका मुत्सद्दी अधिकाऱ्याला अटक झाली, तेव्हा तिथल्या सरकारी वकिलांचा आरोप होता की घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसासाठी तासाला ९.७५ डॉलरचा करार दाखवला आणि प्रत्यक्षात महिना ३० हजार रुपयांचा दुसरा करार झाला. अधिकाऱ्याची ज्या पद्धतीने झडती घेतली गेली त्यावर देश पेटून उठला, ते समजण्यासारखं आहे. त्या घरकामगार बाईच्या पगाराबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कुणी बोललं नाही.

मुंबई हे या सगळ्याचं महाद्वार आहे. एजंटांच्या कचेऱ्या इथे, विमानतळ इथे, उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय इथे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गला कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केला. तीच तत्परता घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी का नसावी? केरळसारखी सरकारी भरती संस्था, मराठीत प्रशिक्षण, गावपातळीवर एजंटाचा नोंदणी क्रमांक तपासून देणारी खिडकी, एवढं राज्याला उद्या सुरू करता येईल.

१९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये मसुदे लोकांसमोर आले. नवा कायदा ज्या दिवशी मंजूर होईल, त्या दिवशी त्याची परीक्षा एकाच प्रश्नाने घ्यावी: आखातातल्या कुठल्या घरात कुठली भारतीय बाई काम करते आणि तिला गेल्या महिन्याचा पगार मिळाला का, हे त्या कायद्यामुळे सरकारला सांगता येईल का? येत असेल तर तो तिच्या रक्षणाचा कायदा. तिने कामाला जावं की नाही हे ठरवायचा हक्क तिचा आहे. गेल्यावर तिचा हिशेब ठेवणं हे सरकारचं काम आहे, आणि वयाची अट घालून ते टाळता येणार नाही.